सहा वाजता पुसायचं

गमरे सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक ओलं फडकं असायचं. जुन्या बनियनचा चौकोनी तुकडा, घट्ट पिळून घडी घातलेला, आणि खिसा भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत सरकवलेला. लोकांच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, मोबाईल असतो. यांच्या खिशात फडकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला घाम फार येत असेल.

मी काही लिहिणारा माणूस नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा स्प्रे पेंटिंगचा गाळा आहे. कपाटं, पंख्याची पाती, मशीनची झाकणं, काहीही आणा, रंगवून देतो. आणि असा रंगवून देतो की घासून घासून हात दुखतील, पण रंग निघायचा नाही. आमच्या धंद्यात रंग निघाला की गिऱ्हाईक आईबहिणीवरून बोलतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सरांच्या बाबतीत माझ्याकडून जे झालं ते याच हाताने झालं. आता कुणी विचारत नाही, कुणी दोष देत नाही, आणि तेच जास्त लागतं.

सर आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या. बिनलिफ्टची चार मजली बिल्डिंग. सर म्युनिसिपालिटीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. मूळचे खेडकडचे, आम्ही कणकवलीकडचे. ते बौद्ध, आम्ही मराठे. खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं माझी आई त्यांच्याकडे पाणीसुद्धा घेत नसे. काहीतरी निमित्त काढायची, आज उपास आहे, आत्ताच चहा झाला. सरांना आणि त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, ते कळत होतं. दोघांनी कधी दाखवलं नाही. मग आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, आणि सुमनताई महिनाभर रोज सकाळी वर येऊन तिला आंघोळ घालून जायच्या. त्या प्रसूतिगृहात आया होत्या, माणसाला उचलायचं कसं ते त्यांना बरोबर ठाऊक. आईने त्यानंतर उपासाची निमित्तं बंद केली. पुढे तर सुमनताईंच्या हातच्या सुकटीशिवाय तिला जेवण जाईना.

सुमनताईंचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा बारीक होता. लहानपणी कसलासा ताप आला होता म्हणे. त्यामुळे त्या रागावून बघत असल्या तरी हसतायत असं वाटायचं. सर म्हणायचे, "हिच्याशी भांडायची सोयच नाही. मोठा डोळा भांडतो, बारीक डोळा समेट करतो."

रिटायर झाल्यावर सर दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले. तिथे दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नसतो. सुमनताई जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या, "मास्तर माणूस दहा दिवस गप्प बसला. मी पण इथे दहा दिवस शिबिरच केलं हो, काय शांतता!" त्यानंतर सर रोज पहाटे उठून बसायला लागले. आधी त्रिशरण, पंचशील, मग तासभर नुसतं डोळे मिटून. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून सेक्टरच्या विहारात जायचे, दुपारी बारानंतर काही खायचे नाहीत. पण धर्मावर प्रवचन म्हणून द्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "विहारात बोलतात ते शब्द मोठे आहेत रे परब. मला ते फळ्यावरनंच समजतात."

तर, फळा.

सोसायटीच्या एंट्रन्सला एक मोठा लाकडी फळा होता. कुणी घेत नव्हतं म्हणून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, आणि त्याबरोबर तो फळाही आला. 'उद्या पाणी येणार नाही', 'गाड्या सरळ लावा', असलं काहीबाही मी त्यावर लिहायचो. सुमनताई गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात सर माझ्याकडे आले. हातात स्टीलचा डबा, आत खडूचे तुकडे. म्हणाले, "परब, उजवी बाजू तुझी. डावी मला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर माझ्या 'पाणी येणार नाही'च्या शेजारी एक रिकामी बादली काढलेली, आणि बादलीत एक मांजर वेटोळं करून झोपलेलं. असं झोपलेलं की पोट हलतंय असं वाटावं. खडूने, यार! मी सरांना म्हटलं, "सर, छान!"

"छान म्हणजे काय? काय दिसलं ते सांग."

"मांजर."

"मांजर तर तुला माहीतच होतं. दिसलं काय? शेपूट बादलीच्या आत आहे की बाहेर?"

मला परत जाऊन बघावं लागलं. शेपूट बाहेर होतं, काठावरून लोंबत होतं. सरांची ही सवय शेवटपर्यंत राहिली. कौतुक केलं की चिडायचे आणि प्रश्न विचारायचे. थेंब नळाला चिकटलाय की सुटलाय? वॉचमनच्या चपलांपैकी झिजलेली कुठली? सगळी बिल्डिंग फळ्यापुढे दोन मिनिटं थांबायला लागली, कारण जिन्यात सर भेटले तर उत्तर देता आलं पाहिजे.

आणि संध्याकाळी सहाला सर खाली यायचे, खिशातून फडकं काढायचे आणि स्वतःची बाजू स्वच्छ पुसून टाकायचे. रोज. दिवसभर लोक बघून जात असतील, पोरं पुढे उभी असतील, तरी सहा म्हणजे सहा. शाळेत त्यांची शेवटची घंटा सहाला व्हायची, आणि त्यांचा नियम होता की वर्ग सोडताना फळा पुसूनच सोडायचा. "उद्याच्या मुलांना कालचं चित्र कशाला?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिल्या मजल्यावरचे शेट्ये एकदा चांगलेच भडकले. "सर, तीन तास मेहनत करता आणि दोन मिनिटांत सत्यानाश! डोकं फिरलंय काय तुमचं?"

सर म्हणाले, "शेट्ये, काल जेवलात ना?"

"जेवलो."

"मग आज परत कशाला जेवताय?"

शेट्ये वर जाऊन बायकोला म्हणाले, मास्तर कामातून गेला. पण दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे तेच पहिले. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांना सर कधी अडवायचे नाहीत. "काढा, काढा. फोन पडला की तोही गेलाच," असं म्हणून हसायचे.

मग त्यांनी म्हाताऱ्यांचा वर्ग सुरू केला. शनिवारी सकाळी, सोसायटीच्या ऑफिसात. प्रत्येकाला एक पाटी आणि खडू. अट एकच, वय साठच्या पुढे हवं आणि चित्र येत नसलं पाहिजे. माझ्या आईचे हात थरथरतात, ती म्हणाली, "माका चहाचो कप धरूक जमणा नाय, मी चित्र खय काढू?" सर म्हणाले, "हात थरथरतोय तर थरथरू दे. सरळ रेघ पट्टीलाही येते. तुमच्यासारखी थरथरती रेघ मला मागूनही मिळणार नाही, आजी."

आई गेली. आणि तिने बांगडा काढला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने इतके बांगडे साफ केलेत की डोळे मिटून काढला असता. हात हलत होता त्यामुळे खवल्यांवर अशी काही लकाकी आली की मीच बघत राहिलो. मग वर्ग सुटताना सर म्हणाले, "चला, आपापली पाटी आपण पुसायची."

आईने पाटी पोटाशी धरली. "मास्तरानू, आत्ता खय तो जितो झालो, आणि पुसूक सांगतास?"

"पुसा आजी. पुढच्या शनिवारी पापलेट काढू."

"पापलेट माका आवडणा नाय!"

सगळं ऑफिस हसलं. सर हसले नाहीत. तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "घाई नाही. पण तुमच्याच हाताने पुसा. दुसऱ्याला देऊ नका. पुसताना काय आधी जातं ते बघा." आई बराच वेळ तशीच बसली. मग पदराने हळूहळू पुसलं, शेपटीकडून. घरी येताना जिन्यात मला म्हणाली, "डोळो शेवटाक गेलो." तिचा आवाज मला वेगळाच वाटला. त्या दिवसापासून ती रोज पाटी घेऊन बसायला लागली, आणि ज्या बाईला दुपारची झोप लागत नसे, ती दुपारी शांत असायची. हे सरांचं माझ्यावर केवढं मोठं ऋण होतं! आणि मी त्याची परतफेड कशी केली ते आता सांगतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर सर कधीकधी येऊन बसायचे. तिथल्या खिडकीतून वारा येतो. मी गाळ्यावरून येताना ते दिसले की मीही टेकायचो. असंच एकदा ते म्हणाले, "परब, सुमनला जाऊन सात वर्षं झाली. इतक्या वर्षांत सगळं काढलं. तिला काढलं नाही."

"का नाही काढलं? तुम्ही तर डोळे मिटून काढाल."

"काढलं तर सहाला पुसावं लागेल."

मी म्हटलं, "मग नका पुसू. एक दिवस नियम मोडला तर कोण फाशी देणार आहे?"

"नियमाचं नाही रे." ते खिडकीकडे वळले. "रोज पहाटे बसतो. आलेलं जातं, जाऊ द्यायचं, असं बघत बसतो. सगळं जातं. हीच जात नाही. मी धरून ठेवलीय, आणि लोकांना मात्र सांगतोय पुसा, पुसा म्हणून. तुझ्या आईने बांगडा पुसला त्या दिवशी मला माझीच लाज वाटली." मग म्हणाले, "एक दिवस तिला काढणार. आणि सहा वाजता माझ्या हाताने पुसणार. रडू आलं तर रडत पुसणार. तेवढं जमलं की हे म्हातारपण कामी आलं म्हणायचं."

म्हणजे बघा, मला माहीत होतं. बाकी कुणालाच माहीत नव्हतं, एकट्या मला सांगितलं होतं. नकळत झालं असं म्हणायची सोयही मला राहिली नाही.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला सर उजाडायच्या आत खाली उतरले. मी आठला खाली आलो तर फळ्यापुढे सगळी बिल्डिंग गोळा झालेली. या खेपेला सरांनी माझी उजवी बाजूही घेतली होती. पूर्ण फळाभर सुमनताई. डोक्यावरून पदर, कपाळावर घामाने चिकटलेले दोन केस, आणि तो मोठा डोळा, आणि तो बारीक डोळा. आत्ता म्हणतील, "काय रे परब, आईला गोळी दिलीस का?" सर अजून बारीक डोळ्यावरच काम करत होते. बोटाने पुसायचे, परत लावायचे. तासभर त्या एका डोळ्यालाच गेला असेल. शेवटी त्यांनी खडू डब्यात टाकला, हात झटकले आणि कुणाकडे न बघता वर निघून गेले. मग पांढरे कपडे घालून विहारात. जाताना मला एवढंच म्हणाले, "सहाला येतो."

आई खुर्चीवर बसून फळ्यासमोर रडत होती. "सुमन इली गो, सुमन इली," एवढंच चाललं होतं तिचं.

दुपारी शेट्ये आणि आणखी दोघं-तिघं माझ्याकडे आले. दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या सोसायट्यांच्या सजावट स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. शेट्ये म्हणाले, "परब, हे पुसलं तर पाप लागेल. तू सेक्रेटरी आहेस. काहीतरी कर." त्यांच्यावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. ते बोलायच्या आधीच माझ्या डोक्यात आलं होतं. मला वाटलं, सर हट्टाला पेटलेत. आतून कुणाला स्वतःच्या बायकोचा चेहरा पुसावासा वाटेल? मी वाचवला तर वरवर ओरडतील आणि मनातून सुटल्यासारखं होईल त्यांना. लँडिंगवर जे त्यांनी मला इतकं उघड सांगितलं, ते मी बाजूला ठेवलं आणि त्यांच्या मनातलं मलाच जास्त कळतं असं धरून चाललो. वर स्पर्धेची हौस होतीच. तीही लपवत नाही.

गाळ्यावरून छोटा कॉम्प्रेसर आणि क्लिअर लॅकर, म्हणजे बिनरंगाचं वार्निश, रिक्षात घालून आणलं. खडूवर सरळ फवारा मारला तर भुकटी उडून जाते. पहिला हात लांबून, हवेत मारायचा, आणि तो आपोआप खाली बसू द्यायचा. तो सुकला की दुसरा, जरा जवळून. मग तिसरा. मी श्वास रोखून तीन हात मारले. खडूचा एक कण हलला नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी, काय सांगू, खूश होतो. आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम आज आपण केलं असं वाटत होतं.

सहाला सर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात फडकं. सगळी बिल्डिंग हजर. सर फळ्यापुढे उभे राहिले, डोळे मिटले. दोन-तीन मिनिटं तसेच. मग डोळे उघडून त्यांनी फडकं काढलं आणि कडेकडून, पदराच्या टोकापासून पुसायला सुरुवात केली.

फडकं घसरलं. पदर तसाच.

त्यांनी परत पुसलं. फडकं उलटवून बघितलं. पांढरं स्वच्छ. मग त्यांना वास आला असणार, कारण ते जरा मागे सरकले आणि फळ्याकडे तिरकं बघितलं, चमक दिसते तसं. तरी त्यांनी परत फडकं लावलं. गालावर, कपाळावर, जोर लावून, खसाखसा. सत्तरी ओलांडलेला माणूस सगळ्यांसमोर आपल्या बायकोच्या तोंडावर फडकं घासतोय आणि ती हलत नाही, तशीच बघतेय. मागून कुणीतरी "वाह परबशेठ!" म्हणून टाळी वाजवली. ती टाळी मला अजून ऐकू येते.

सर वळले. "परब, तू केलंस?"

"सर, ताईंचा चेहरा आहे. कसा पुसायचा?"

माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. फडक्याची घडी घातली, पिशवीत सरकवली, आणि म्हणाले, "पक्कं काम केलंस." मग जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर थांबले, परत दोन पायऱ्या खाली आले आणि विचारलं, "थिनरने निघेल ना?"

"निघेल सर. उद्या परीक्षक येऊन जाऊ दे, परवा काढतो."

"बरं," म्हणाले.

घरी गेलो तर आई बोलायला तयार नाही. जेवण वाढून झाल्यावर तिने मला सुनावलं, "तेका आपल्या हातान पुसूचा होता. तू कोण मधी पडणारो?"

परवा मी काढलं नाही. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. मग सभेत शेट्येंनी विषय काढला, चित्र राहू दे म्हणून सगळ्यांनी हात वर केले, आणि मीही केला. दहा मिनिटांचं काम होतं. एक वाटी थिनर. सर रोज त्या फळ्यापुढून मान खाली घालून जायचे-यायचे. शनिवारचा वर्ग बंद झाला. त्यांनी परत एकदाही खडू हातात घेतला नाही. मी जिन्यात दिसलो तर "जेवलास का?" विचारायचे, आणि फळ्याबद्दल अवाक्षर नाही. मीही नाही. त्यांनी परत विचारलं नाही, म्हणून मी विसरल्यासारखं केलं. माझ्यासारखा भित्रा माणूस असंच करतो.

पावसाळ्यानंतर सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. मुलगी प्रज्ञा त्यांना मुलुंडला आपल्या घरी घेऊन गेली. इकडे एंट्रन्सला नव्या टाइल्स बसवायच्या म्हणून फळा काढला आणि पंपरूममध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणजे इतका आटापिटा करून जे वाचवलं, ते शेवटी पाण्याच्या मोटारीच्या मागे.

मुलुंडला मी गेलो ते चार महिन्यांनी. प्रज्ञाने दार उघडलं, "या परबकाका, बाबा गॅलरीत आहेत." सर खुर्चीत बसले होते. समोर कडाप्प्याचा काळा कट्टा, त्यावर ऊन. डाव्या हातात रंगाचा चपटा ब्रश आणि बाजूला पाण्याची वाटी. ब्रश पाण्यात बुडवून कट्ट्यावर काढत होते. एक कावळा झाला. मी बघतोय तोवर त्याची चोच सुकली, मग पंख, मग कावळा गेला. सरांनी दुसरा सुरू केला. रेघ थरथरत होती, आईच्या बांगड्यासारखी.

"जयभीम, सर."

"जयभीम. ये, बस." बोलणं जरा जड झालं होतं, पण समजत होतं. "डावा हात अजून बालवाडीत आहे. पण छान चाललंय. बघ, फडक्याची पण गरज नाही. ऊनच पुसतं." आणि हसले. किती महिन्यांनी त्यांना हसताना बघितलं मी! आईची चौकशी केली, पापलेट काढलं का विचारलं. प्रज्ञाने चहा आणला. तिच्यासमोर ते काही बोलले नाहीत. ती आत गेल्यावर ब्रश वाटीत ठेवला आणि म्हणाले, "परब, ते पुसलंस?"

मी म्हटलं, "हो सर. पुसलं."

का म्हटलं? ते हसत होते म्हणून. ऊन छान होतं म्हणून. मला त्या गॅलरीत तो फडक्याचा आवाज परत ऐकायचा नव्हता म्हणून. तोंडातून निघून गेलं.

सरांनी मान हलवली. मग विचारलं, "आधी काय गेलं? मोठा डोळा की बारीक?"

इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी कट्ट्याकडे बघत म्हटलं, "बारीक."

"हं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तो मी शेवटी काढला होता. खडूही त्यालाच जास्त." मग ब्रश उचलला, पाण्यात बुडवला. "बरं, चहा गार होतोय. पी."

निघताना खाली रस्त्यावरून वर बघितलं. सर गॅलरीत वाकून काढत होते. काय काढत होते ते खालून दिसत नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी येऊन खरं काय ते सांगून टाकू, फळाही त्याआधी पुसून टाकू. पुढच्या रविवारी गाळ्यावर काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न. दोन महिने गेले. मग एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला.

स्मशानात पांढऱ्या कपड्यातली विहाराची माणसं होती, सरांचे जुने विद्यार्थी होते, टक्कल पडलेले. मी मागे उभा राहिलो. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याच्या, दिवशी आईलाही नेलं. ती सरांच्या फोटोपुढे पाटी घेऊन गेली होती. त्यावर पापलेट काढलेलं. फोटोपुढे बसून तिने ते आपल्या हाताने पुसलं आणि उठली.

आम्ही निघताना प्रज्ञा माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. हातात दुधाची पिशवी होती, घडी घातलेली. "काका, हे बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. तुम्ही येऊन गेलात ना, त्याच दिवशी. म्हणाले, परबला लागेल."

आत बनियनचा तुकडा होता.

मी पिशवीची परत घडी घातली. खाली येईपर्यंत आईने माझा हात धरला होता की मी तिचा, कळत नव्हतं. रिक्षात तिने ती पिशवी बघितली आणि तोंड फिरवून बाहेर बघत बसली.

त्याच संध्याकाळी पंपरूम उघडली. फळा ओढून दाराशी आणला, उजेडात. वर धूळ बसली होती, ती झटकली. सुमनताई जशाच्या तशा. माझं काम पक्कंच होतं. घड्याळात साडेपाच. वाटीत थिनर ओतलं, सरांचं फडकं त्यात बुडवलं आणि पदराच्या टोकापासून सुरुवात केली, त्यांनी केली होती तिथूनच. लॅकर सुटायला लागलं, आधी चिकट, मग पातळ, आणि त्याच्याबरोबर खडू. मी मुद्दाम चेहऱ्याला हात लावत नव्हतो. पण कपाळाशी थिनर जास्त झालं आणि एक ओघळ खाली आला. मी फडकं नेईपर्यंत तो भुवईवरून मोठ्या डोळ्यात उतरला आणि डोळा वाहून गेला. बारीक डोळा राहिला. बाकी सगळा चेहरा गेला तरी तो राहिला, काळ्या फळ्यावर एकटा. आत्ता रागावलाय की हसतोय, सांगता येईना. सहा वाजेपर्यंत मी त्याच्यासमोर बसून राहिलो. रडलो, हेही सांगून टाकतो. मग तोही पुसला.

मोठा आधी गेला, सर. बारीक शेवटी.